मंगळवारी दुपारी बाबा घरी कसे?

गोष्ट तशी एवढीशीच आहे, सांगायला घेतली तर दोन मिनिटांत संपेल, पण महिना झाला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. फोनमधले फोटो फोनमध्येच मरतात असं सगळे म्हणतात, मीपण म्हणते, आणि मग वर्षातून एकदा उत्साह येऊन वीस-पंचवीस फोटोंच्या प्रिंट काढून आणते. ह्या वेळच्या गठ्ठ्यात बाबांचा एक फोटो होता. खिडकीशी खुर्चीत बसलेत, मान बाहेर वळलेली, मांडीवरचा पेपर घसरायला आलेला, एका गालावर दुपारचं ऊन. तो मी मार्चमध्ये काढलेला, फोनवरच, त्या जुन्या रोलवाल्या कॅमेऱ्यासारखे फोटो देणारं एक ॲप असतं ना त्याच्यातून. म्हणजे पिवळट रंग, जरा धूसर, एका कडेला केशरी आगीसारखा पट्टा, आणि खाली कोपऱ्यात ते चमकणारे केशरी आकडे, '९८ ३ १७. ॲपची गंमत अशी की दिवस आणि महिना खरा टाकतं, वर्ष मात्र ढकलतं मागे. मला ते आकडे फार आवडलेले. फोटो एकदम 'फोटो' वाटायला लागला होता.

बाबांनी बाकीचा गठ्ठा पाच मिनिटांत पाहून संपवला, हा एक बाजूला काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांच्या चष्म्याच्या केसखाली होता. मला वाटलं आवडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हाक मारली आणि म्हणाले, "काय गं, हा कुठला?" मी काही बोलायच्या आत त्यांनी सगळा तपासच मांडला. "मी कॅलेंडर काढून बघितलं, अठ्ठ्याण्णवचा सतरा मार्च मंगळवार होता. मंगळवारी दुपारी मी घरी कसा? रजा घेतल्याचं आठवत नाही. आजारी होतो म्हणावं तर आजारी माणूस अशी गुळगुळीत दाढी करून बसत नाही. आणि मुख्य म्हणजे हा काढला कुणी? कॅमेरा तर तेव्हा माझ्याशिवाय कुणी हातात घ्यायचं नाही." केस पांढरे आहेत हे त्यांना दिसलं नव्हतं, कारण तो सगळा भाग मी उजेडात जवळजवळ जाळून टाकला होता. मग जरा वेळ गप्प राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "आठवतच नाहीये गं मला."

मी हसले. आता लिहिताना लाज वाटतेय पण हसले खरी. "अहो बाबा, हा ह्याच मार्चमधला आहे, ते वर्ष ॲप टाकतं आपलं आपण." त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "म्हणजे हा मी आत्ताचा?" हो म्हटलं. "मग असा पिवळा का?" जुना वाटावा म्हणून, म्हटलं. "मी जुनाच आहे की," असं म्हणून तेपण हसले, आणि विषय संपला.

तीन दिवस. तीन दिवस ते हे एकटेच शोधत बसले होते.

हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत, वस्तू ठेवल्याची जागा आठवत नाही, फार काही नाही, वयाप्रमाणे, पण त्यांचं त्यांना ते कळतं आणि ते त्याविषयी कुणाशी बोलत नाहीत. अशा माणसाच्या हातात मी एक पुरावा दिला होता, तारखेसकट. आणि त्या फोटोत आणि स्वतःच्या डोक्यात जेव्हा मेळ बसेना तेव्हा त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही. हे जे आहे ना, ते मला टोचतंय. फोटो चकचकीत असता, फोनमधून निघतो तसा, तर त्यांनी एका सेकंदात ओळखलं असतं. पिवळेपणानं त्यांना फसवलं. त्या पिवळेपणाचं वजन किती असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं, मी त्याला 'व्हाइब' म्हणत होते.

ह्या नादाला मी लागले त्याला आता खूप वर्षं झाली. २००९ च्या शेवटी हिपस्टामॅटिक हे जुन्या कॅमेऱ्यासारखे फोटो देणारं ॲप आलं आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम, आणि मग आपण सगळेच चौकोनी फोटो काढायला लागलो, आठवतं? एक्स-प्रो टू, अर्लीबर्ड, नॅशव्हिल, एक फिल्टर तर सरळ १९७७ नावाचाच. तेव्हाचे फोनचे कॅमेरे खरं तर भिकार होते, संध्याकाळ झाली की फोटोत नुसते रंगीत किडे वळवळायचे, आणि फिल्टरनं ते सगळं झाकलं जायचं, 'खराब' होतं ते 'जुनं' दिसायला लागायचं. योगायोग बघा, त्याच वर्षी ३० डिसेंबरला अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या ड्वेन्स फोटो ह्या लॅबनं कोडाक्रोमचे रोल घेणं थांबवलं. जगात तो रोल धुणारी तेवढी एकच लॅब उरली होती. १९३५ पासून चालत आलेली फिल्म, कोडॅकनं २००९ मध्ये बनवणं बंद केली, आणि मग धुणंही संपलं. म्हणजे फिल्मसारखं दिसण्याचं बटण सगळ्यांच्या खिशात आलं आणि तीन महिन्यांच्या आत एक खरीखुरी फिल्म कायमची गेली. आता तिच्या नावाचे प्रीसेट मिळतात, म्हणजे एका टिचकीत तसे रंग चढवणारी तयार सेटिंग्ज, माझ्याकडेच चार आहेत आणि चारही एकमेकांसारखे दिसत नाहीत.

फोनवरच्या फिल्टरवरून मी कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर गेले आणि मग रात्रीच्या रात्री गेल्या त्यात. ज्यांनी केलंय त्यांना कळेल. कर्व्ह, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार बदलायची रेघ, तो उघडायचा, त्याचं डावीकडचं खालचं टोक धरायचं आणि जरासं वर उचलायचं, बस, काळा काळा राहत नाही, कोळशासारखा राखाडी होतो आणि फोटोला एकदम वय चढतं. सावल्यांत किंचित हिरवट निळा, उजेडात पिवळा. मग ग्रेन, फिल्मच्या फोटोत दिसतो तो रवाळपणा. त्याचे तीन स्लायडर असतात, किती, केवढा आणि किती खडबडीत, आणि सुरुवातीला प्रत्येक जण ते शंभरला नेतो. मीही नेले. फोटोवर कुणी रवाळ वाळू उडवल्यासारखं दिसायचं आणि काय चुकतंय ते कळायचं नाही. पुढे कधीतरी एका जुन्या निगेटिव्हचं स्कॅन मोठं करून बघत बसले तेव्हा लक्षात आलं, ग्रेन फोटोवर पडलेला नसतोच, फोटोच ग्रेनचा बनलेला असतो. चांदीच्या क्षारांचे कण उजेड टिपतात, रंगीत फिल्ममध्ये धुताना ती चांदी काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगाचे छोटे छोटे ढग उरतात, त्या ढगांचंच नाक, त्यांचाच कान, त्यांचंच आभाळ. ते ढग काढून टाकले तर खाली स्वच्छ फोटो सापडणार नाही, काहीच सापडणार नाही. आणि ते सगळीकडे सारखे दिसतही नाहीत, मधल्या राखाडी भागात जास्त दिसतात, एकदम पांढऱ्या भागात जवळपास नाहीत. तेव्हापासून मी ग्रेन कमी टाकते आणि त्याबद्दल स्वतःला शहाणी समजते.

उजेडाचं तर आणखी वेगळं. डिजिटलमध्ये उजेड वाढत जातो, वाढत जातो आणि एका क्षणी धाडकन पांढरा होतो, तिथे पुढे काही नाही, कडा कापल्यासारखी. फिल्मला आणि मुख्यतः निगेटिव्ह फिल्मला हे असं जमत नाही, ती उजेडापुढे हळूहळू दमत जाते. हर्टर आणि ड्रिफील्ड ह्या दोन संशोधकांनी १८९० मध्येच उजेड वाढेल तशी ती किती काळी होते त्याचा आलेख काढून दाखवला होता, लांबट एस सारखा, खाली त्याला 'टो' म्हणतात आणि वर 'शोल्डर', पायाचं बोट आणि खांदा. माणसाच्या अंगाचीच नावं. तो खांदा उतरता असतो म्हणून जुन्या फोटोत खिडकीतलं ऊन मऊ वाटतं. मी सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास तो खांदा उतरवत बसायचे. पण डिजिटलमध्ये काढतानाच ऊन जळलं असेल तर नंतर कितीही उतरवा, जळलेलं ते जळलेलं. निगेटिव्हला जास्तीचा उजेड दिलेला चालतो, कमी पडलेला चालत नाही, डिजिटलचं बरोबर उलटं. ही एक गोष्ट कळल्यावर माझे निम्मे प्रीसेट निरुपयोगी झाले.

पण हे झालं फिल्म कशी बघते त्याबद्दल. बाबांच्या फोटोवर मी जे केलं होतं त्यातलं निम्मं तर फिल्मनं बघितलेलंच नव्हतं. ते होतं प्रिंट कशी म्हातारी होते त्याबद्दल. ह्या दोन गोष्टींची आपण सरमिसळ केली आणि त्याला एकच नाव दिलं, व्हिंटेज. नव्या प्रिंटचा गठ्ठा घरी आला की त्याला तो औषधी आंबूस वास असायचा, कागद एकमेकांना चिकटायचे, आणि रंग! लाल म्हणजे लाल. काळा म्हणजे असा की त्यात स्वतःचं तोंड दिसेल. अठ्ठ्याण्णव साल त्या सालात कुणालाही पिवळं दिसलं नव्हतं. पिवळेपणा, फिक्कटपणा, तो मरगळलेला काळा, हे सगळं नंतरच्या वर्षांनी केलेलं, कपाटात, चिकट पानांच्या अल्बममध्ये, आपण दुसरीकडे कुठेतरी असताना. आणि मी तेच कालच्या फोटोवर एका टिचकीत ओतते. मधली वर्षं न घालवता.

उलट ज्यांच्या हाती हे काम होतं ती माणसं तर जन्मभर ह्याच्याशी भांडत होती. दिव्याभोवती लालसर वलय येतं त्याला हॅलेशन म्हणतात, झगझगीत उजेड फिल्मच्या थरांतून आरपार जातो, मागच्या पाठीवर आपटून परत येतो आणि जाता येता सगळ्यात खालच्या, म्हणजे लाल टिपणाऱ्या थराला डाग लावून जातो. तो येऊ नये म्हणून फिल्मला खास थर द्यायचे, सिनेमाच्या फिल्मला तर पाठीमागून कार्बनचा काळा लेप असायचा. पुढे सिनेस्टिल नावाच्या कंपनीनं तोच लेप काढून टाकून ती फिल्म विकायला काढली, आणि लोक ती त्या लाल वलयासाठीच घेतात. मी तर फिल्मसुद्धा घेत नाही, माझ्याकडे वलयाचा स्लायडर आहे. सेपियाची तर कमालच. आपल्याला तो तपकिरी रंग दिसला की आपण म्हणतो, बापरे, किती जुना फोटो. आणि ते टोनिंग करायचे कशासाठी, तर फोटो जुना होऊ नये म्हणून. चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलं की ती हवेपुढे जास्त टिकते, म्हणून. टिकावं म्हणून केलेला रंग आपण विटल्याची खूण म्हणून वापरतो. हे मी एका मैत्रिणीला फार रंगवून सांगितलं, ती म्हणाली, बरं मग? तिचंही खरं आहे.

आणि तो केशरी पट्टा. आता त्याच्याबद्दल लिहायला पाहिजेच, टाळत होते.

मी सहा वर्षांची असेन. बाबांनी कॅमेरा टेबलावर ठेवलेला, छत्तीसचा रोल, बहुतेक संपत आलेला. मला एवढंच बघायचं होतं की आत फोटो दिसतात का. मागचं झाकण उघडायची खिट्टी मला माहीत होती कारण बाबांना रोल भरताना मी नेहमी अगदी नाकाला नाक लावून बघायचे. उघडलं. आत फोटो नव्हते, एक तपकिरी गुळगुळीत पट्टी होती, जरा निराशच झाले मी. तेवढ्यात बाबांनी येऊन झाकण लावलं. खाडकन. ओरडले नाहीत. कॅमेरा छातीशी धरून नुसते उभे राहिले, जसं काही झाकण घट्ट दाबून धरलं तर आत गेलेला उजेड बाहेर निघेल. रोल धुवून आला तेव्हा शेवटचे सात-आठ फोटो नव्हतेच, त्याच्या आधीच्या काहींच्या कडेनं केशरी लाल ज्वाळा, आणि रोलच्या पोटात खोल गुंडाळलेले होते ते तेवढे वाचलेले. मागून शिरलेला उजेड आधी लाल टिपणाऱ्या थराला गाठतो म्हणून जळलेलं असं आगीसारखं दिसतं, हे मला चाळीशीत कळलं. तेव्हा मला वाटलं होतं की आत खरंच आग लागली.

त्या रोलमध्ये आजी होती. त्यानंतर आजीचे फोटो काढायची वेळ आली नाही. घरात ह्याबद्दल मला कधी कुणी काही म्हटलं नाही, एकदाही नाही, त्यामुळे ते विसरताही येत नाही. आणि माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे ज्यात अशा ज्वाळांची चाळीस चित्रं आहेत, नंबर टाकलेली, फोटोवर ठेवायची, ब्लेंड मोड 'स्क्रीन' करायचा, झालं. मला त्यातली सात नंबरची आवडते. मार्चमध्ये बाबांच्या फोटोवर ॲपनं आपोआप टाकली होती ती जवळपास तशीच. मी ती बघून खूश झाले होते, मला तेव्हा काहीही आठवलं नव्हतं. खरंच नाही. बाबांना आठवलं होतं का, मी विचारलेलं नाही.

ह्या सगळ्यानंतर मी फिल्टर सोडून दिले वगैरे काही नाही, गेल्याच आठवड्यात एका पावसाळी संध्याकाळच्या फोटोवर भरपूर ग्रेन घातला आणि मस्त दिसतोय तो. तारीख टाकायचं मात्र बंद केलंय. घरातल्यांच्या फोटोवर तरी.

परवा रविवारी बाबा अल्बम घेऊन आले. चिकट पानांवरचं प्लॅस्टिक सोडवता सोडवता एक प्रिंट काढली त्यांनी, हळू, नखानं, आणि माझ्या टेबलावर ठेवली. त्याच रोलमधली. आजी खुर्चीत, मागे कुणीतरी उभं आहे, उजवीकडून ज्वाळा येऊन त्या उभ्या माणसाचा बराचसा भाग खाल्लेला. आणि सगळा फोटो लाल. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर सायन रंग अंधारात ठेवूनही विरतो, कपाटात बंद असला तरी, आणि मग लालच लाल उरतं, काळ्याचाही मरून रंग होतो. "तुझ्या त्या ह्याच्यात," बाबा कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाले, "पिवळं करता येतं तर हे लाल काढताही येत असेल ना?"

येतं. तेच सॉफ्टवेअर, तोच कर्व्ह, उलट्या दिशेनं. स्कॅन केलं आणि फक्त लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, उघडला, त्याचा आलेख सगळा उजव्या भिंतीला चिकटून बसला होता, काळ्याच्या बाजूला नुसती मोकळी जागा. इतकी वर्षं जे टोक मी वर उचलत आले ते आत ढकललं. खुर्चीचे पाय पहिल्यांदा काळे झाले. मग भिंत भिंतीसारखी झाली. बाबा माझ्या मागे उभे होते, एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. आजीच्या अंगावर शाल होती, लाल धुक्यात ती शाल आहे हेसुद्धा इतकी वर्षं कळत नव्हतं, ती आता निळी दिसायला लागली, चांगली छान निळी. मला वाटलं जमलं.

"एवढी निळी नव्हती," बाबा म्हणाले.

मी थोडा स्लायडर मागे घेतला. "अजून मागे. राखाडी होती ती, निळ्याकडे जाणारी. ... हां, आता फार गेलीस. थोडी पुढे." आम्ही बराच वेळ असंच करत बसलो, मी आकड्यांकडे बघतेय आणि ते बहुतेक स्क्रीनकडेही बघत नसावेत, कारण एकदा मी वळून पाहिलं तर डोळे मिटलेले होते. सॉफ्टवेअर म्हणत होतं निळी, भिंतीचा पांढरा धरून हिशेब केला तरी निळीच यायची. मी सॉफ्टवेअरचं ऐकलं नाही. "थांब," ते म्हणाले, "हीच."

मग त्यांनी त्या ज्वाळेवर बोट ठेवलं. "आणि हे?"

हे नाही निघणार, म्हटलं. बाकीचं फिकं झालंय, खाली अजून थोडं थोडं आहे म्हणून ओढून काढता येतं. इथे खाली काही नाहीच. उजेड होता फक्त. आतापर्यंत एवढं सरळ मी त्यांच्याशी त्याबद्दल कधी बोलले नव्हते, माझा आवाज जरा चिरकलाच. मग विचारलं, इथे काय होतं?

"मीच उभा होतो की," बाबा म्हणाले. "सेल्फ टायमर लावून धावत आलो होतो. माझा हात तिच्या खुर्चीवर होता." आणि माझ्या खुर्चीवरचा हात त्यांनी उचलला, जरा डावीकडे सरकवला, बोटं थोडी आत वळवली, आणि पुन्हा ठेवला.

"इथे. असा."